तीन नावं

हर्षाने तीस कागद पुन्हा टेबलावर पसरले आणि नावांवरून तिसऱ्यांदा बोट फिरवलं. प्रश्न साधा होता: डबा खायला सोबत कोण आवडेल, तीन नावं लिहा. प्रफुल्लचं नाव एकोणीस जणांनी लिहिलं होतं. हा पोरगा कालच विज्ञानाच्या खोलीतली खुर्ची मोडून वर दात काढत उभा राहिला होता. पण असो, पोरांची पसंती पोरांना ठाऊक. रक्षाचं नाव मात्र एकाही कागदावर नव्हतं.

नववीच्या वयात मेंदूला सवंगड्यांचं मत आईबापाच्या मतापेक्षा जड वाटू लागतं, यावर हर्षाने नागपूरला प्रबंधाची सत्तर पानं लिहिली होती. आता दिघोरीच्या शाळेत त्याची पडताळणी चालली होती. ज्याला कोणीच निवडत नाही त्याचं त्या वयात काय होतं, हे मात्र तिला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. भंडाऱ्याच्या शाळेत तिने स्वतः दोन वर्षं एकटीने डबा खाल्ला होता. मोजणीच्या तक्त्यात रक्षापुढचा कोरा रकाना बघून तिला भडभडून आलं.

"मॅडम, येऊ का?"

दारात रक्षाचे वडील मारोतराव उभे होते. चपला त्यांनी बाहेर काढल्या होत्या, पण धानाच्या बांधीतला चिखल टाचांवर तसाच वाळलेला होता. ते बाकाच्या अगदी टोकाला टेकले.

"हेडसर म्हणतेत, कोणत्या पोराचं कोणासंग जमते थे तुमाले समजते."

"काय झालं, काका?"

"रक्षाले श्रावणात वर्गातच मिरगीचा झटका आला. तवापासून तिची माय म्हणते, भंडाऱ्याले मामाच्या घरी ठेवू, तिथंच शाळेत टाकू. आज दाखला न्याले आलो." मारोतराव टाचेचा चिखल खरवडू लागले. "पोरगी नाही म्हणते. कालपासून रडून राहिली. मले एकच सांगा मॅडम. पोरं तिले सोबत घेतेत का? घेत असतीन, तं मी तिच्या मायले समजावतो."

मुलांनी लिहिलेलं बाहेर कोणालाही सांगायचं नाही, हा या कामाचा पहिला नियम होता. 'घेतात की' एवढं तरी म्हणावं, असं हर्षाला वाटलं, पण धडधडीत खोटं बोलायला जीभ रेटेना. तिने फक्त समोरचे कागद उलटे करून ठेवले.

मारोतरावांनी त्या उलट्या कागदांकडे पाहिलं.

"समजलो," ते म्हणाले आणि उठून कार्यालयाकडे गेले.

हर्षाला खोलीत बसवेना. ती व्हरांड्यात आली. मधली सुट्टी झाली होती आणि कडुनिंबाखाली मुली गोल करून बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध रक्षा होती. रडून सुजलेले डोळे, पण तोंडाने काहीतरी सांगणं चालूच. चंद्रकला नावाची मुलगी, जिने कागदावर दुसऱ्याच तिघींची नावं लिहिली होती, ती न विचारता रक्षाच्या डब्यातली आंबाडीची भाजी उचलत होती.

"मॅडम, लागला का माझा नंबर? नागपूरले कधी नेता?" प्रफुल्ल कुठूनसा येऊन समोर उभा ठाकला होता.

"कसला नंबर?"

"मशीनमंदी मेंदूचा फोटो काढाले. तुमीच तं म्हणाल्या, काही पोराइले न्यायचं आहे."

म्हणाली होती खरी. पहिल्याच दिवशी, कागद वाटायच्या आधी, पुढचा टप्पा समजावून सांगताना. त्यावर लगेच 'आता तीन नावं लिहा' असंही तीच म्हणाली होती. पोरं या दोन गोष्टी एकमेकींना जोडतील, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"ज्याचं नाव जास्त त्याले नेतेत न? मले काही भेव लागत नाही. मीच म्हटलं सगळ्याइले, माझं लिवा."

"आणि रक्षाचं?"

प्रफुल्लने झाडाखाली नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"तिचं कोणी नाही लिवायचं, हे पयलेच ठरलं होतं. झटके येतेत म्हणून गेल्या साली नागपूरले टाकलं होतं तिले त्या मशीनमंदी. बहुत भेली होती थे. आता परत कायले न्याचं?"

तीस कागदांची रद्दी झाली, हे हर्षाच्या लक्षात आलं, पण त्याचं वाईट वाटून घ्यायला सवड नव्हती. आत जाऊन तिने सगळा गठ्ठा उचलला आणि कार्यालय गाठलं. तिथे कारकून गोपीचंद यांनी रक्षाचा दाखला अर्धा लिहिला होता. मारोतराव समोर हात बांधून उभे होते. नियम गेला खड्ड्यात, म्हणत हर्षाने धापा टाकत सगळं सांगितलं.

मारोतरावांना ते पहिल्यांदा नीट उमजलं नाही. तिने पुन्हा सांगितलं.

"म्हणजे सगळ्याइनं मिळून?"

"तीसही जणांनी."

मारोतरावांनी गठ्ठ्याकडे बोट केलं.

"अन् रक्षानं? तिनं कोणाचं लिवलं?"

एकतिसावा कागद हर्षाने सकाळीच 'अपूर्ण' असा शेरा मारून मोजणीतून वगळला होता आणि सगळ्यात खाली ठेवला होता. तो तिने गठ्ठ्याच्या तळातून ओढला. वर रक्षाचं नाव, वर्ग, तारीख, सगळं वळणदार अक्षरात. खाली तीन ओळी कोऱ्या. ते मशीन आतून पाहिलेल्या पोरीने कोणाचंच नाव पुढे केलं नव्हतं.

मारोतरावांनी तो कागद दोन्ही हातांनी धरून डोळ्यांजवळ नेला.

"पूर्ण करू न दाखला, मारोतभाऊ?" गोपीचंद यांनी विचारलं.

मारोतरावांनी नजर न उचलता अर्धवट दाखला टेबलापलीकडे सारला.

"राहू द्या न, बाबूजी. वाचून राहिलो मी."