माझ्या वजनातले पाणी

मित्रांनो, वहीच्या पानाला चिकटवलेल्या कागदी पाकिटातून तुम्ही मला बाहेर काढलेत तर तुम्हाला वाटेल, हा कुणाच्या तरी हातून जळालेला पुठ्ठा असावा. रंग काळा, आकार तळहाताएवढा, एक कोपरा तुटलेला. पण नाक मुरडू नका. मी एक जुना इलेक्ट्रोड आहे. माझ्या अंगातून सहा हिवाळे वीज वाहिली आहे. आमच्यासारख्यांची विचारपूस करायला कुणी येत नाही, म्हणून माझी हकिगत मीच सांगतो.

माझा जन्म भट्टीतला. केसाहून बारीक कोळशाच्या धाग्यांचा एक कागद तयार झाला, त्याचे तुकडे झाले, त्यातला एक तुकडा म्हणजे मी. तिथून मी एका प्रयोगशाळेत आलो. प्लॅटिनमची पूड घातलेली काळी शाई माझ्या अंगावर फवारली गेली आणि मी कामाचा झालो.

आम्ही इलेक्ट्रोड फ्युएल सेल नावाच्या यंत्रात राहतो. त्यात एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने साधी हवा येते आणि मध्ये एक पातळ पडदा असतो. या पडद्याच्या साक्षीने दोघांची गाठ पडली की वीज तयार होते, आणि सोबत थोडे पाणी. धूर नाही, खडखडाट नाही. पण तो पडदा मोठा नाजूक स्वभावाचा आहे. ओलसर असला तरच काम करतो, सुकला की रुसून बसतो. बरे, पाणी जास्त झाले तर माझी छिद्रे तुंबतात, हवेला वाट मिळत नाही आणि मी अक्षरशः बुडतो. त्यामुळे आमचा सगळा संसार ओलाव्याचा तोल सांभाळण्यात जातो.

डोंगरावरच्या एका दवाखान्यात असे यंत्र होते. तिथवर विजेच्या तारा पोहोचल्या नव्हत्या. लहान मुलांच्या लसी ज्या फ्रीजमध्ये ठेवत तो या यंत्रावर चाले. पण वरची हवा इतकी कोरडी, की पडदे सुकत आणि यंत्र दर दोन दिवसांनी मान टाकी. यावर उपाय शोधायचे काम आमच्या प्रयोगशाळेकडे आले होते.

उपाय असा होता: वाळूच्याच जातीचे, पण पिठाहूनही बारीक कण माझ्या अंगावर बसवायचे. या कणांना पाण्याची भारी ओढ. ते ओल धरून ठेवतात, पसरवतात, पडद्याला सुकू देत नाहीत. पण किती कण बसवायचे, हे कुणाला ठाऊक नव्हते. कमी झाले तर उपयोग नाही, जास्त झाले तर बुडालोच.

हे काम तंत्रज्ञ बाईंकडे होते. त्यांना सगळे माघारी ‘मिलिग्रॅम’ म्हणत, इतक्या त्या काटेकोर. फवारणीचा एक हात द्यायचा, मला ओव्हनमध्ये वाळवायचे, काचेच्या बंद भांड्यात थंड करायचे आणि लगेच काट्यावर ठेवायचे. कण किती बसले ते वाढलेल्या वजनावरून कळे. काट्याशेजारच्या भिंतीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात एक सूचना होती: ‘येथे चहाची किटली ठेवू नये.’ चुकून कुणी कप घेऊन तिथे आला तर बाई त्याची अशी खरडपट्टी काढत, की तो गडी आठवडाभर चहाचे नाव घेत नसे.

माझ्या अंगावर दोन हात झाले होते. मला ओव्हनमधून काढले, आणि नेमका तेव्हाच बाईंचा फोन वाजला. डोंगरावरच्या दवाखान्यातली परिचारिका ही त्यांची थोरली नणंद. तिचा फोन म्हणजे घ्यायलाच हवा. बाईंनी मला काट्याशेजारी ठेवले. दुसऱ्या हातात नुकतीच उकळलेली किटली होती, तीही घाईत तिथेच टेकवली आणि फोन घेऊन त्या दाराशी गेल्या.

“वहिनी, यंत्र परत बंद पडलं गं! मी त्याला ओली फडकी गुंडाळून ठेवलीयत.”

“अगं ताई, ओल आत लागते, बाहेरून काय उपयोग? काढ आधी ती फडकी.”

“मग काय गुंडाळू? शाल?”

बाई हसल्या, मग समजावत राहिल्या. त्यात अर्धा तास गेला. किटलीची वाफ माझ्या अंगावरून जात होती आणि मी, पाण्याचा हावरट, पोटभर पीत होतो. बाई परत आल्या, किटली उचलून घेऊन गेल्या आणि मला काट्यावर ठेवले. आकडा आला बारा मिलिग्रॅम. चार हातांनंतर येईल असे वाटत होते ते वजन दोन हातांतच भरले! “आज हात छान बसला,” असे स्वतःशीच म्हणत त्यांनी वहीत लिहिले, बारा. मला तोंड असते तर तेव्हाच सांगितले असते, की बाई, यातले निम्मे पाणी आहे.

पुढे माझी परीक्षा झाली. कोरड्या हवेत मला दहा दिवस अखंड चालवले. मी डगमगलो नाही. प्रयोगशाळेचे मोठे सर, जे कुणाचे सहसा कौतुक करत नसत, ते तीनदा येऊन मला बघून गेले. खोटे कशाला बोलू, मी फुशारलो. बारा हा आकडा सरांनी अहवालात घातला आणि वरिष्ठांकडे पाठवलाही.

मग बाईंनी वीस नवे इलेक्ट्रोड केले. प्रत्येकाला नियमाप्रमाणे वाळवून, थंड करून, मोजून बारा मिलिग्रॅम. आणि ते वीसच्या वीस तासाभरात बुडाले.

कागद तपासला, गॅस तपासला, यंत्र खोलून पुन्हा जोडले. काहीच हाती लागेना. सर म्हणू लागले, की हा जुना तुकडाच काहीतरी अजब आहे. पण मी एकटा असून काय उपयोग? दवाखान्याच्या यंत्राला माझ्यासारखे वीस लागत होते.

तशात ताईचा पुन्हा फोन आला. या वेळी तिने थट्टा केली नाही. “वहिनी, नऊ दिवसांत घाट बर्फाने बंद होईल. यंत्र चालणार असेल तर लसी ठेवून घेते. नाहीतर आताच खाली पाठवायला हव्यात. मग वरच्या वस्त्यांतली चाळीस पोरं हिवाळाभर तशीच राहणार. मला खरं काय ते सांग, उगाच आशा लावू नकोस.”

“दोन दिवस दे मला,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, बाईंनी मला सेलमधून काढले, नीट वाळवले आणि काट्यावर ठेवले. आकडा आला सहा. त्यांनी काटा तपासला. पुन्हा सहा. कण धुऊन गेले असतील म्हणावे, तर सेलमधून बाहेर आलेल्या पाण्यात कण नव्हते. त्यांनी कपाळाला हात लावला. मग काट्याचे काचेचे दार उघडेच ठेवून चहा करायला उठल्या. डोके चालेना की माणूस सवयीचेच काम करतो. किटली घेऊन परत येताना त्यांचे लक्ष काट्याकडे गेले. किटलीची वाफ जवळ येत होती आणि आकडा चढत होता. सहा, साडेसहा, सात.

बाईंनी किटलीकडे पाहिले, मग भिंतीवरच्या स्वतःच्या सूचनेकडे. आणि ताईच्या त्या फोनच्या वेळी किटली कुठे टेकवली होती, ते त्यांना आठवले.

मित्रांनो, इथे त्यांना एक सोपी वाट होती. गुपचूप सहाचे इलेक्ट्रोड करायचे, नवी युक्ती सापडली म्हणायचे. कुणाला कळले नसते. खरे सांगितले तर बाईंचा वीस वर्षांचा चोखपणा पणाला लागणार होता, आणि वर सरांनाही अहवाल मागे घेऊन मान खाली घालावी लागणार होती. मी पाहत होतो. बाईंनी वहीवर हात ठेवला, आणि सर येताच त्या उभ्या राहिल्या.

“सर, बारा हा आकडा चुकलाय. माझ्याकडून. मी ओला तुकडा तोलला.”

“ओला कसा झाला?”

“शेजारी किटली होती.”

“किटली? तिथे? कुणाची?”

“माझीच.”

सरांनी भिंतीवरची सूचना वाचली. “अहवाल गेलाय आपला,” ते हळूच म्हणाले.

“हो. मी पत्र लिहिते. माझ्या नावानं.”

“आपल्या दोघांच्या नावानं लिहू. मीही कुठे पुन्हा तोलून बघितलं?” मग त्यांनी वही पुढे सरकवली. “आकडा गिरवून काळा करू नका. एकच रेघ मारा, खालचा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा लिहा, कारण लिहा, सही करा. आणि लागा कामाला.”

बाईंनी तिथूनच फोन लावला. “ताई, लसी ठेवून घे.”

सहा दिवसांत एकोणीस इलेक्ट्रोड तयार झाले. विसावा मी. घाट बंद व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही वर पोहोचलो. फ्रीजवरचा हिरवा दिवा लागला तेव्हा ताई त्याच्यासमोर पाय दुमडून जमिनीवरच बसली. दुसऱ्या दिवशी पहिले पोर आले. त्याला सुई टोचली आणि त्याने असे भोकाड पसरले, की यंत्राच्या पोटात मलाही ते ऐकू आले. सरांचे कौतुक त्यापुढे काहीच नव्हते.

सहा हिवाळ्यांनंतर माझा कोपरा तुटला, माझ्या जागी नवा आला आणि मी एका पाकिटातून परतलो. काही महिने खणात धूळ खात पडलो होतो. कुणी विचारले नाही, वाईट वाटले. मग बाईंनी मला शोधून काढले आणि या वहीत ठेवले, जिथे बारावर एक रेघ आहे आणि शेजारी सहा. कामावर कुणी नवीन आले, की बाई मला काट्यावर ठेवत, माझ्यावर एक हलकी फुंकर मारत आणि चढणारा आकडा दाखवून म्हणत, “आधी वाळवा, मग तोला. विसरलात, तर विसरलो म्हणून सांगा.”

मित्रांनो, माझे मागणेही तेवढेच आहे. आमच्यासारख्या जुन्या तुकड्यांना फेकू नका, आणि आपल्या चुकांवर शाई ओतू नका. त्या वाचता येतील अशा ठेवा, पुढच्याच्या उपयोगी पडतात.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी मला शेवटचे काट्यावर ठेवले. “येते रे,” म्हणाल्या. फुंकर मारायला त्या वाकल्या, पण मारली नाही. तरी आकडा चढला, आणि या वेळी पुष्कळच चढला. बाईंनी डोळे पुसले, वही उघडली आणि प्रामाणिकपणे लिहिले: ‘वजन ग्राह्य धरू नये. तुकडा ओला होता.’