कस्तुराबाईंच्या भिंतीवरची हॉलंडची आजी

मित्रांनो, मी एक जुनी तसबीर आहे, आणि आधीच सांगते, थोडी मानी आहे. हॉलंडमधल्या एका चित्रकाराने मला कापडावर तैलरंगांत काढलं. पांढरी लेसची टोपी, काळा झगा, गळ्यात पोवळ्यांची माळ, अशी तिकडच्या मच्छीमार गावातली बाई माझ्यात आहे. तिची नात डॉक्टर होती. तिने मला किनवटच्या दवाखान्यात आणलं आणि परत जाताना तिथल्या आया कस्तुराबाईंच्या हवाली केलं.

कस्तुराबाईंनी मला घरातल्या गेलेल्या माणसांच्या फोटोंशेजारी टांगलं. त्यांना रोज कुंकू लागायचं, मग माझंच कपाळ मोकळं कसं ठेवायचं? रोज सकाळी ओलं फडकं फिरायचं आणि ओल्या बोटाने कुंकू लागायचं. चाळीस वर्षं. त्या फोटोंना काच होती, मला नव्हती. माझ्या कपाळाचे पोपडे निघत होते. पण कस्तुराबाई मला 'आजीबाई' म्हणायच्या, घरादाराची खुशाली सांगायच्या. त्यांच्यावर रागवायचं तरी कसं?

यंदा डॉक्टरीणबाई वारल्या. त्यांच्या मुलीचा, मार्ताचा, निरोप आला. तिकडे घराला आग लागून जुने फोटो गेले होते. पणजीचा चेहरा आता फक्त माझ्याकडे उरला होता आणि तो बघायला ती येणार होती. तिला आधी माझा फोटो पाठवावा म्हणून कस्तुराबाईंची नात तनुजा हिने मोबाइल धुंडाळला. माझ्यापुढे उभं राहून तिने फोटो काढले होते खरे. सगळ्यांत माझी टोपी आहे, आणि माझ्या तोंडापुढे तिचं तोंड. पाहुणी येणारच आहे म्हणून नवा फोटो काढायचं राहून गेलं.

पाहुणी यायच्या सकाळी कस्तुराबाईंनी मला मोरीत नेलं.

"आज्जे, रंग जाईल," तनुजा म्हणाली.

"न्हाई जात. पाव्हणी येऊन राहिली, अन् हिचं तोंड असं कळकट दाखवू का?"

साबण आला, नारळाची काथी आली. पाणी लाल झालं.

"बघ, किती वर्षांचं कुंकू हाय. आत्ता कुठं निघून राहिलं."

ते कुंकू नव्हतं, मित्रांनो. ते माझे गाल होते, माझे ओठ होते. मला ओरडायचं होतं. तसबिरीला ओरडता येतं का? मी नुसती धुतली जात राहिले.

मार्ता आली. तिला टोपी दिसली, पोवळी दिसली, आणि मध्ये उघडं कापड. तिने त्या कापडावर हात ठेवला.

"म्याच घासलं, बाई. माझ्याच हातानं," कस्तुराबाई म्हणाल्या. तनुजाला ते इंग्रजीत सांगायचा धीर होईना.

मग मार्ताने विचारलं, ती दिसायची कशी? तो चेहरा रोज इतक्या जवळून पाहिलेलं माणूस जगात एकच उरलं होतं.

"डाव्या भुवईत बारीक खाच व्हती," कस्तुराबाई सांगू लागल्या. "अन् हसू दाबून बसल्यावानी व्हट." तनुजा सांगत गेली, मार्ता रडत ऐकत राहिली.

जाताना तिने मला इथेच राहू दिलं. मित्रांनो, जुन्या वस्तूला हात लावण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. मायेने घासलं तरी रंग जातोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुराबाई सवयीने कुंकवाचं बोट घेऊन माझ्यापुढे आल्या. बोट वर गेलं आणि तिथेच थांबलं. लावायला कपाळ उरलं नव्हतं. त्यांनी ते बोट पदराला पुसलं.