मी, मॅकिन्टायर आडनाव

मी एक जुने आडनाव आहे, मित्रांनो. बेटावरच्या गेलिक बोलीत माझा अर्थ ‘सुताराचा मुलगा’. माझा पहिला धनी होड्या बांधायचा. त्याच्या होडीत पाणी शिरत नसे, म्हणून लोक त्याच्या मुलांना बापाच्या कामावरून हाक मारू लागले आणि मी जन्मलो. पुढे रंध्याला हात न लावलेलेही मला मिरवू लागले. तेव्हापासून मी संशयी झालो आहे.

आता निम्मे गाव मॅकिन्टायर. त्यामुळे ओळख सांगताना इथला माणूस बाप, आजा, पणजा ओळीने सांगतो. मी उरलो पाकिटांवर आणि थडग्यांवर. याचे मला फार वाईट वाटते.

गेल्या वसंतात कॅनडाहून लॉक्लन नावाचा माणूस वडिलांची राख घेऊन आला. मॅकिन्टायरांच्या थडग्यांच्या ओळीत पुरा, एवढेच त्यांनी मरताना मागितले होते. त्या ओळीबाबत शब्द चालतो गावातल्या थोरल्या ओईरिकआजीचा. ती दफनभूमीच्या फाटकातच उभी राहिली.

“कोणाचा रे तू?”

“मॅकिन्टायर.”

“ते पोस्टमनला सांग. बाप कोण?”

“आंगस.”

“आंगस कोणाचा?”

“ते मला ठाऊक नाही.”

“बघ, म्हटलं नव्हतं?” ओईरिक भाच्याला, फिनलेला म्हणाली. “उचलली जीभ, लावली टाळ्याला! उद्या कोणीही राख घेऊन येईल.”

मलाही तो तोतयाच वाटला.

“आजी, आम्हाला कोणी शिकवलंच नाही,” लॉक्लन म्हणाला. “तुमच्या तरी पिढ्या ऐकवा.”

ओईरिकने मान ताठ केली. “ओईरिक इअनची, इअन रोरीचा, रोरी नीलचा, नील पिठाच्या डोनल्डचा...”

“आत्या, पिठाचा का गं?” फिनलेने विचारले.

ती थबकली. दुष्काळात जमीनदार फक्त आपल्या सुतारांच्या कुळाला ओटचे पीठ देत असे. डोनल्ड मेंढपाळाचा पोर. एका पोत्यासाठी त्याने मला अंगावर चढवले. ‘पिठाचा डोनल्ड’ हे नाव ती लहानपणापासून घोकत आली होती, पण ऐकले आज. मी तरी कुठे ऐकले होते? मला लाज वाटली.

ओईरिक फाटकातून बाजूला झाली.

“आण ती राख. माझ्यासाठी राखलेल्या जागेत ठेव.”

“आणि तुम्ही, आजी?”

“मी पडेन शेजारी. तुझा बाप सरकून घेईल की!”

मित्रांनो, आपले आडनाव जपा. दारी आलेल्याला ‘तू कोणाचा’ असे जरूर विचारा, मीही विचारतो. पण आधी स्वतःच्या पिढ्या मोठ्याने म्हणा, आणि म्हणताना कान उघडे ठेवा.