गंगा हातात होती

भारतने तीच गोष्ट सकाळपासून पाचव्यांदा सुरू केली, तेव्हा सुवर्णाने अक्षतांची वाटी ताटात जरा जोरातच आदळली. मखमलाबादच्या मळ्यात घरासमोर मांडव पडला होता. काशीहून आलं की मावंदं घालायचं, आणलेल्या गंगेची पूजा करायची आणि सोयऱ्याधायऱ्यांना पुरणपोळीचं जेवण द्यायचं, ही रीतच आहे. रीतीबद्दल सुवर्णाची काही तक्रार नव्हती. तिला किळस येत होती ती नवऱ्याच्या तोंडाची.

"चाक फुटलं, पंखाखाली आग लागली, आत धूरच धूर," भारत नव्याने आलेल्या पाहुण्यांना सांगत होता. "लोक नुसते बोंबलत होते. पण मी म्हटलं, जीव गेला तरी चालंल, गंगा मागं ठेवणार नाय!"

पाहुणे वा वा करत होते. दोघातिघांनी तर वाकून नमस्कार केला, आणि या गृहस्थाने तो घेतलाही. मांडवाच्या तोंडाशी फ्लेक्स लावला होता. त्यात भारत दोन्ही हातांत तांब्या धरून उभा आणि मागे ज्वाळा. खाली 'आगीतून गंगा आणणाऱ्या भारतशेठ यांचे हार्दिक अभिनंदन'. फ्लेक्सवाल्याने ज्वाळा फुकटात टाकून दिल्या होत्या. खरा भारत त्या दिवशी ओझरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर नाकातोंडातून पाणी गळत, एक चप्पल हरवून बसला होता, हे सुवर्णाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

बारा दिवसांपूर्वीची गोष्ट. गावातली पंधरा माणसं काशीला गेली होती. जाताना रेल्वेने, आणि येताना हौस म्हणून दिल्लीहून विमानाने. काशीची गंगा घरी पूजा होईपर्यंत जमिनीला टेकवायची नाही, हा इथला नेम. म्हणून तोंड लाखेने बंद केलेला तांब्याचा तांब्या पिशवीत घालून भारतने वरच्या कप्प्यात ठेवला होता. विमान सुटायच्या आधी गोऱ्याशा, उंच एअर होस्टेस पोरीने मधल्या वाटेत उभं राहून सगळं समजावून सांगितलं. दारं कुठे आहेत, पट्टा कसा सोडायचा, आणि काही झालं तर सामान जागेवर टाकून निघायचं. पोरगी सिन्नरकडची. भारतच्या चुलती गोजराबाई काकूंना तिने हाताला धरून बसवलं, "सावकाश, आजी," असं म्हणाली. भारत तेव्हा मेहुण्याला व्हिडिओ कॉलवर विमानाची खिडकी दाखवत होता.

उतरताना चाक फुटलं. विमान खरडत थांबलं आणि उजव्या बाजूने काळा धूर आत येऊ लागला. "सामान सोडा! बाहेर पडा! सामान सोडा!" ती पोरगी घसा फोडून ओरडत होती, हिंदीतून, इंग्रजीतून, शेवटी मराठीतून. दारं उघडली, रबराच्या घसरगुंड्या फुगून खाली लागल्या. नव्वद सेकंदांत आख्खं विमान रिकामं व्हायला पाहिजे असतं, हे सुवर्णाला नंतर कळलं. त्या नव्वदातले कितीतरी एकट्या भारतने खाल्ले. तो मधल्या वाटेत उभा राहिला, वरचा कप्पा उघडला आणि पिशवी ओढू लागला. पिशवी कुणाच्या तरी जाड बॅगेखाली अडकली होती. मागून लोक ढकलत होते, खोकत होते. तो म्हणे, "गंगा हाय, थांबा, गंगा हाय!"

एकाने कप्पा उघडला म्हटल्यावर दुसऱ्याने उघडला, मग तिसऱ्याने. शर्ट-टायवाल्या एकाने लॅपटॉप काढला. एका बाईने पेठ्याचे खोके काढले, अगदी मोजून. एक पोरटं दात काढत स्वतःचाच व्हिडिओ करत होतं. आग लागलेल्या घरात माणसं अशी वागतात का? जनावरंसुद्धा दावं तोडून पळतात, वैरणीचा भारा पाठीवर घ्यायला थांबत नाहीत. भारतने शेवटी हिसका दिला तशी ती जाड बॅग निसटली आणि पुढच्या रांगेतून नुकत्याच उठलेल्या गोजराबाई काकूंच्या खांद्यावर पडली. सत्तरी ओलांडलेली बाई, मधल्या वाटेत आडवी झाली. भारतच्या सख्ख्या चुलतीला उचलायला भारत वाकला नाही. वाकणार कसा? दोन्ही हातांत गंगा होती. त्याने पाय टाकला आणि पुढे गेला.

यापुढचं आठवायची वेळ आली की सुवर्णा काहीतरी काम काढून उठत असे.

दाराशी त्या पोरीने त्याच्या हातातला तांब्या हिसकून बाहेर भिरकावला, "हात मोकळे!" म्हणून ओरडली आणि त्याला घसरगुंडीवर ढकलून दिलं. मग ती माघारी आत गेली. धुरातून बाहेर आली तेव्हा तिने काकूंना काखेत हात घालून ओढत आणलं होतं. काकूंना मांडीत घेऊन ती खाली घसरली. दोघींची तोंडं काजळली होती.

आग विझली, माणूस एकही गेलं नाही. काकूंचा खुबा मोडला. आणि धावपट्टीवरून उचलून आणलेल्या, पोचे आलेल्या त्या तांब्याची आज हारतुऱ्यांनी पूजा होणार होती.

"मामी, एक सही राहिली तुमची," भाचा राज कागद घेऊन आला. राज सातपूरला वकिलाकडे बसतो आणि स्वतःला वकीलच समजतो. "तेरा झाल्या. काकूआजीचा अंगठापण घेतला."

सुवर्णाने कागद वाचला. विमान कंपनीकडे द्यायची तक्रार होती. आरोही नावाच्या एअर होस्टेसने प्रवाशांना धक्काबुक्की केली. पवित्र गंगाजल जमिनीवर फेकून भावना दुखावल्या. तिसरं कलम सुवर्णाने दोनदा वाचलं. वृद्ध महिला प्रवासी गोजराबाई यांना निष्काळजीपणे खाली फेकल्यामुळे त्यांचा खुबा मोडला.

"हे कोणी लिहिलं रे?"

"मामांनी सांगितलं, मी कायद्यात बसवलं," राज खुशीत म्हणाला. "पोरीला सध्या घरी बसवलंय, चौकशी चालू हाय. तुम्ही मामांच्या मागंच होता ना, कंपनी तुमचीच जबानी खरी धरणार. तुमची सही पडली की ती कायमची गेली."

"आणि नाही केली तर?"

"नाय कशी करणार?" राज हसला. "घरचाच मामला हाय."

ती कागद घेऊन आत गेली. मधल्या खोलीत गोजराबाई काकू खाटेवर पडून होत्या. पायाला वजन बांधलं होतं आणि उजव्या अंगठ्यावर निळी शाई तशीच होती. बाहेर भजनीमंडळाने टाळ धरले होते.

"काकू, अंगठा कशावर दिला?"

"राज म्हणला दवाखान्याचा कागद हाय."

सुवर्णाने तिसरं कलम वाचून दाखवलं. काकूंची नजर आढ्याला होती.

"ती पोरगी व्हती म्हणून मी हाय," त्या म्हणाल्या. "तिनं टाकलं मला? मोडलं ते आत मोडलं. कडकन आवाज आला, माझा मला आला." मग डोळे न वळवता त्यांनी विचारलं, "पहिला पाय भारतचा व्हता ना? चप्पल वळखली मी. काशीलाच घेतलेली."

"हो."

"त्याच्या मागून एक हलका पडला. पोटावर."

पर्स छातीशी धरून, डोळे मिटून सुवर्णाने तो पाय टाकला होता. खाली मऊ लागलं होतं, हे तिला बारा दिवस माहीत होतं. या बारा दिवसांत तिने काकूंना अंघोळ घातली, भांडं दिलं, पेज भरवली आणि बाकीच्या जगाला शिव्या घातल्या. आता तिला स्वतःच्याच पायाची शिसारी आली.

"माझा होता, काकू."

"ठाऊक हाय मला," काकू म्हणाल्या. "तू सांगतेस का बघत व्हते."

बाहेरून हाक आली. पूजेचे दोन पाट मांडले होते, एकावर भारत सोवळं नेसून बसला होता. गुरुजी म्हणाले, "यजमानीणबाई, या, मुहूर्त टळतोय."

सुवर्णा पाटाजवळ गेली, पण बसली नाही.

"मी बसणार नाही," ती म्हणाली. टाळ थांबले. "काकू वाटेत पडल्या त्या यांनी ओढलेल्या बॅगेनं. त्यांच्या अंगावर पहिला पाय यांनी दिला, दुसरा मी दिला. खुबा आम्ही मोडलाय. त्या पोरीनं त्यांना बाहेर काढलं आणि तिचीच नोकरी घालवायला तुम्ही सह्या केल्यात."

तिला वाटलं, आता कुणीतरी उठेल. निदान त्या तेरांतलं एखादं माणूस मान खाली घालेल. भारतचा चेहरा लाल झाला होता, पण तो तिच्याकडे बघतही नव्हता, तो पाहुण्यांकडे बघत होता.

"तिच्या डोक्यावर परिणाम झालाय त्या दिवसापासून," तो म्हणाला.

"व्हतंच असं," व्याही समजुतीने म्हणाले. "जिवाच्या आकांतात कोण कुणाच्या अंगावर पाय देतो, त्याचं काय धरायचं! आणि हातात गंगा व्हती त्यांच्या."

"स्वयंपाक निवतोय," मागून कुणी बाई म्हणाली.

गुरुजींनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. मग, बायको हजर नसली की करतात तसं, त्यांनी रिकाम्या पाटावर तांदळाची मूठ ठेवली आणि तिच्यावर एक सुपारी मांडली. "ही यजमानीणबाईंच्या जागी," म्हणाले आणि मंत्र सुरू केला. टाळ पुन्हा वाजू लागले. बायको तीन हातांवर उभी होती आणि भारत सुपारीला हळदकुंकू वाहत होता. राजने तिच्या हातातून कागद अलगद काढून घेतला आणि खिशात घातला. तेरा सह्या आणि एक अंगठा पुष्कळ झाला, असं त्याचं तोंड सांगत होतं.

सुवर्णा तशीच आत आली, फळीवरची वही काढली आणि काकूंच्या खाटेशी जमिनीवर बसली.

"कंपनीला लिहिते काकू. आजच पाठवते. तुमचं तुम्ही सांगा, मी जसंच्या तसं उतरवते. आणि या खेपेला वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही."

"माझं मागनं," काकू म्हणाल्या. "आधी तुझं लिही."

बाहेर आरती सुरू झाली. सुवर्णाने वही मांडीवर घेतली, पूर्ण नाव लिहिलं, वय लिहिलं, आसनाचा नंबर लिहिला. मग तिने लिहिलं, 'खाली माणूस आहे हे मला माहीत होते. तरी मी पाय दिला.'