डाव्या हाताचे ठोके

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी नव्या संगणकावर जुनं गाणं उघडलं आणि त्यातले ड्रम बेताल वाजू लागले.

स्टुडिओ म्हणजे घरामागची, भिंतींना फोम ठोकलेली खोली. जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमला कंपनीने वाऱ्यावर सोडलं होतं, म्हणून रेकॉर्डिस्टने आठवडाभर खपून सगळा संसार नव्या यंत्रावर हलवला. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आलं, नऊ वर्षांची गाणी आली. एक प्लगिन, म्हणजे त्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, तेवढं आलं नाही. ते बनवणाऱ्यांनी केव्हाच गाशा गुंडाळला होता. त्याच्याशिवाय फाइल उघडायची का, असं पडद्यावर विचारलं गेलं आणि त्याने घाईत ‘हो’ दाबलं.

शेजारच्या स्टुलावर त्याचे वडील बसले होते. वय अडुसष्ट, चाळीस वर्षं ड्रमवादक. स्टुडिओतल्या प्रत्येक गाण्यावर तेच वाजवत. गिऱ्हाइकं त्यांना घड्याळकाका म्हणत.

“अरे, हे तर मागच्या वर्षीचं आपलं गाणं,” ते म्हणाले. “यावर मी वाजवलं होतं. हा कोण घुसडलास?”

“बाबा...”

“उजवा हात बरा आहे त्याचा. डावा झोपलाय गाढवाचा. घरी पाठव त्याला.”

रेकॉर्डिस्टने गाणं बंद केलं. वाजवणारे बाबाच होते.

“नव्या सिस्टीमचा घोळ आहे,” तो म्हणाला. “जुळवतो मी.”

“हजारो रुपये ओतून हे आणलंस? त्यापेक्षा मी बरा!” बाबा हसले आणि चहा सांगायला आत गेले.

ते प्लगिन मूळ रेकॉर्डिंगला हात न लावता, गाणं वाजताना मागेपुढे पडलेला ठोका ओढून नेमका तालावर बसवत असे. त्याने ते पहिल्यांदा वापरलं तेव्हा गिऱ्हाईक दारात उभं होतं आणि डाव्या हाताचे चार ठोके उशिरा पडले होते. बाबांना पुन्हा वाजवायला सांगणं त्याच्या जिवावर आलं. पुढच्या महिन्यात चाराचे दहा झाले. मग त्याने ते प्लगिन बाबांच्या ड्रमवर कायमचंच लावून टाकलं आणि विसरला. निदान विसरल्यासारखं वागला.

एवढ्यावर भागलं असतं तरी त्याने स्वतःची समजूत काढली असती. पण दोन वर्षांपूर्वी एका दुपारी बाबा काठ्या खाली ठेवून म्हणाले होते, “डावा हात जड वाटतोय रे. मागे पडतोय का मी? खरं सांग.” त्याने खरं सांगितलं नव्हतं. दुरुस्त केलेलं रेकॉर्डिंग लावून दाखवलं होतं. “ऐका की. कुठे काय?” बाबांनी डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, “म्हणजे मनाचे खेळ. तुझ्या आईला बोलू नकोस, उगाच डॉक्टरकडे पिटाळेल.”

मंगळवारी दुपारी त्याने दार लावून घेतलं आणि बाबांच्या सगळ्या फाइल प्लगिनशिवाय, तारखेप्रमाणे उघडल्या. पडद्यावर प्रत्येक ठोका उभ्या रेघेसारखा दिसतो. आधीच्या वर्षांत रेघा सरळ रांगेत होत्या. तीन वर्षं दोन महिन्यांपूर्वी डाव्या हाताची पहिली रेघ किंचित सरकली होती. पुढे दर काही गाण्यांनी ती आणखी सरकत गेली. उजव्या हाताच्या रेघा जागच्या हलल्या नव्हत्या. त्याने तारखा एका कागदावर लिहून काढल्या. बेचाळीस भरल्या.

आई जेवणाच्या टेबलावर दवाखान्याचा फॉर्म भरत होती. नसांच्या डॉक्टरांची वेळ तिने मागच्या आठवड्यातच घेतली होती, कारण बाबांच्या शर्टाची बटणं आता तिला लावावी लागत होती.

“त्रास केव्हापासून, असं विचारलंय,” ती म्हणाली. “बटणांचं सुरू होऊन दोन महिने झाले ना रे? की थोडं आधीपासून?”

“तेवढेच असतील.”

“तसंच लिहिते. तू रोज बरोबर असतोस, तुला आधी कळलं असतं.”

तिने सहज म्हटलं होतं. तो पाणी प्यायला म्हणून उठला आणि नळापाशी बराच वेळ उभा राहिला.

गुरुवारी सव्वानऊला तिघं डॉक्टरांसमोर बसले. डॉक्टरांनी बाबांना अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला सांगितलं. उजवा हात झपझप चालला. डावा सुरुवातीला चालला, मग बोटांची उघडझाप लहान लहान होत थांबली.

“दोनच महिने?” डॉक्टरांनी फॉर्मवरून नजर वर केली. “त्याआधी कधी काही जाणवलं नाही? नीट आठवून सांगा. औषध केव्हा आणि किती, ते यावर ठरतं.”

“दोन वर्षांपूर्वी एकदा वाटलं होतं हो,” बाबा म्हणाले. “पण आमच्या चिरंजीवांनी तेव्हाच रेकॉर्डिंग ऐकवलं. एक ठोका इकडचा तिकडे नव्हता. यंत्र कशाला खोटं बोलेल?”

डॉक्टरांनी मान हलवली, फॉर्मवर दोन शब्द लिहिले आणि रेकॉर्डिस्टकडे पाहिलं.

“तुम्ही सोबत काम करता ना? तुमचं काय म्हणणं?”

तेव्हा साडेनऊ वाजले होते. तारखांचा कागद घडी घालून त्याच्या शर्टाच्या खिशात होता.