सुटलेली रेघ

मी एक जुना कागद आहे. एका चित्रकार बाईंनी हाताने लिहिलेल्या टिपणांतला अगदी शेवटचा.

मित्रांनो, बाईंच्या चित्रांत झाड, घर, माणूस काही नसे. नुसते रंग आणि रेघा. शेजारच्या मावशी म्हणत, असलं तर माझं मांजरही काढेल. बाई हसत आणि आमच्यावर लिहीत बसत. रंग कुठे थांबवायचा, हात कधी आवरायचा. आमच्या पहिल्याच कागदावर आहे: ‘सोडलेली रेघ माझी. सुटलेली रेघ माझी नाही.’

(त्या ओळीशेजारी समासात बाईंचा हिरव्या रंगाचा अंगठा उमटला आहे.)

तेव्हा आमचा काय तोरा होता! रंगांच्या आधी बाई आम्हाला उघडत.

पुढे त्यांचा हात थरथरू लागला. कप बशीवर वाजायचा. रेघ भलतीकडेच जायची. लेक मात्र हरखली.

“आई, काय मोकळी सोडलीस गं रेघ.”

बाई कुंचला धूत राहिल्या. “सोडली नाही गं. सुटली.”

लेकीला वाटलं, आईचा नेहमीचा विनय.

त्याच दिवशी बाईंनी मला पुढे ओढलं. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून लिहिलं: ‘हात थरथरू लागल्यानंतरची चित्रं माझी नाहीत. कुणाला दाखवू नयेत.’ मग मला उलटलं. आणखी काही लिहायचं असावं. पेन टेकलं आणि निसटलं. एक लांब, वाकडी रेघ

काठापर्यंत.

बाई गेल्या. टिपणं आवरताना लेकीला ती रेघ दिसली. तिने मला छातीशी धरलं आणि फ्रेमवाल्याकडे नेलं.

तो म्हणाला, “ताई, मागे काहीतरी खरडलंय.”

“आईची टिपणं आहेत ती. असू दे.” तिचे डोळे भरले होते.

आता मी प्रदर्शनात आहे. भोवती थरथरत्या हाताची तीच चित्रं. लोक म्हणतात, शेवटी बाईंचा हात खरा मोकळा झाला. माझी रेघ त्यांच्याकडे, अक्षरं भिंतीकडे.

मित्रांनो, मला धूळ लागत नाही, वाळवी लागत नाही. तक्रार तरी कशी करू? पण कुणाचं लिहिलेलं तुमच्या हाती आलं, तर काचेत घालण्याआधी एकदा उलटून बघा.

लेक रोज येऊन माझी काच पुसते. फार हळू हाताने.

समोरून.