शिल्लक जागा: चार

"घटनेच्या दिवशी साठवणयंत्रात चार टेराबाइट जागा शिल्लक होती, सबब एकेचाळीस रुग्णांची क्ष-किरण चित्रे नष्ट होण्यास केवळ अभिलेख-तंत्रज्ञाची हलगर्जी कारणीभूत आहे." चौकशी समितीचे हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. फक्त त्यातली जागा अस्तित्वात नव्हती.

रुग्णालयाच्या तळघरात सव्वीस वर्षे काढलेल्या त्या तंत्रज्ञाला सगळे काका म्हणत. त्यांच्या यंत्रात दोन डिस्क होत्या, एक चार टेराबाइटची, एक बाराची. एक बिघडली तरी चित्रे वाचावीत म्हणून प्रत्येक चित्र दोन्हींवर ठेवण्याची नवी रचना अधीक्षकांनी फर्मावली. धाकटीच्या जागी मोठी डिस्क मात्र 'पुढच्या वर्षी बघू' म्हणाले. यथावकाश धाकटी काठोकाठ भरली. थोरलीत आठ मोकळे होते, पण जोडीदाराविना निरुपयोगी. पडदा त्या आठांना इमानेइतबारे दोनाने भागी आणि दाखवी: शिल्लक चार.

काका शिल्लक जागेची रोजची नोंदवही घेऊन वर अधीक्षकांकडे गेले.

"साहेब, हा आकडा खरा नाही. प्रत्यक्षात जागा शून्य आहे."

"म्हणजे पडदा खोटं बोलतो आणि तुम्ही हरिश्चंद्र?"

"त्याला भागाकार येतो, साहेब. कुठल्या डिस्कमध्ये किती उरलं, ते तो बघत नाही."

"रकान्यात काय छापलंय? 'पडद्यावरील आकडा'. तो लिहा. सात महिने राहिलेत ना निवृत्तीला? काकूंचं डायलिसिस आपल्याच कर्मचारी-कार्डावर चालतं ना?"

काकांनी चार लिहिले.

रोज संध्याकाळी नोंदवहीवर काकांची सही झाली, की चित्रे साठवली गेली असे धरून क्ष-किरण विभाग आपल्या यंत्रातली दिवसभराची चित्रे पुसून टाकी. त्या दिवशीही तिथल्या ताईंचा फोन आला.

"काका, झाली का सही? पुसू ना? की आज मुहूर्त बघताय?"

काकांच्या समोर एक तांबडी ओळ लुकलुकत होती. त्यांनी सही केली.

"पुसा, ताई."

तीन आठवड्यांनी शिवणकाम करणारी एक बाई तळघर शोधत आली. ताईंनी पुसलेल्या त्या दिवसाचे, फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेआधीचे चित्र तिला हवे होते.

"नीट शोधा ना, काका. डॉक्टर म्हणतात, जुनं बघितल्याशिवाय हा डाग नवा की तोच, सांगता येत नाही. पुन्हा फाडायचं की नाही, ते त्यावर आहे."

सापडणार नाही हे ठाऊक असून काकांनी तासभर शोधले. बाई स्टुलावर बसून होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून. पडद्यावर चारचा आकडा जागचा हलला नाही.

समितीचे अध्यक्ष अधीक्षकच होते. 'आणखी काही सांगायचे आहे काय?' या छापील प्रश्नाखाली काकांचा जबाब असा आहे:

"'जागा नाही, चित्रे साठवली गेली नाहीत' ही ओळ मी वाचली होती. वाचून मग 'पुसा, ताई' म्हणालो. त्या शिवणकामवाल्या बाईंना मी सांगितलं की सापडत नाही. त्यांना खरं काय ते कुणीतरी सांगा."